माडीवरची ऊब

गेल्या वर्षीं पौषांत एके दिवशीं पहाटें आमच्या मातोश्री माडीवरील खोलींत पडल्या. पांच वाजण्याचा सुमार होता. आम्ही खालीं मोरीवर मुखमार्जन करीत होतों. वर पंचपात्री पडल्याचा आवाज झाला, आणि त्यामागून कांहींच आवाज झाला नाहीं. ह्या दुसऱ्या गोष्टीनेंच आमच्या काळजाचा ठाव सुटला. जिना चढून जातों तों मातोश्री देवघरासमोर बसलेल्या, एक तळहात जमिनीवर टेकलेला, लुगड्याचा काठ सांडलेल्या पाण्यांत भिजलेला. आम्हांस पाहून म्हणाल्या, "ओरडूं नकोस. मोडलें कांहीं नाहीं. पाय जमिनीवर ठेवला कीं नाहीं, तेंच मला कळलें नाहीं."

मातोश्रींचें वय शहाऐंशी. हाड मोडलें नव्हतें, हें खरेंच. परंतु त्या वयांत एकदां पडणें म्हणजे पुढच्या पडण्याची नांदीच होय. आमची मावशी अशीच एकदां पडली, दुसऱ्यांदा पडली, आणि मग अंथरुणांतून उठली नाहीं. डॉक्टर झालेल्या आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें येऊन पाय तपासले. तळव्यांची संवेदना वार्धक्यानें मंद झालेली आहे, थंड फरशीवर ती आणखी मंद होते, असें त्यानें सांगितलें, व पायांत मोजे आणि वहाणा घालण्याचा सल्ला दिला. सल्ला उत्तम, पण देवघरापुढें वहाणा कोण घालील? आणि गुळगुळीत फरशीवर नुसते मोजे घालणें म्हणजे घसरण्याची सोय करून ठेवणें. सतरंजी अंथरली, तर तिच्या काठांत पाय अडकून मातोश्री पुन्हां पडतां पडतां राहिल्या. शेगडी ठेवावी किंवा गरम पाण्याची पिशवी द्यावी, तर बधिर तळव्यास चटका बसलेला कळत नाहीं. फोड आल्यावरच समजावयाचें. खालीं येऊन राहा म्हणावें, तर "ते गेल्यापासून चौतीस वर्षें मी ह्या खोलींत काढलीं, आतां कुठें खालीं येऊं?" हें उत्तर ठरलेलें.

नगरास थंडी ती काय असणार, असें मुंबईकडील पाहुण्यांस वाटतें. २०२४ सालीं शहराचें नांव अहिल्यानगर झालें, पण आमच्या तोंडीं जुनें नांवच येतें, त्याची वाचकांनीं क्षमा करावी. ह्या पाहुण्यांनीं मार्गशीर्ष-पौषांत एक रात्र येथें काढून पाहावी. समुद्रसपाटीपासून सुमारें साडेसहाशें मीटर उंचीचें हें पठार, हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसा मिळविलेली उष्णता रात्रीं उघड्या आकाशाकडे निघून जाते आणि पहाटेपर्यंत पारा कधीं कधीं दहा अंशांच्याही खालीं उतरतो. दुपारीं मात्र पुन्हां नुसत्या सदऱ्यावर वावरतां येतें. थंडी ही अशी पहाटेपुरती व दोन महिन्यांपुरती असल्यामुळें आमच्याकडील लोकांनीं तिची फारशी पर्वा केलेली नाहीं. राजांनींही नाहीं. शहराच्या आग्नेयेस फराहबागेचा महाल आहे. मुर्तझा निजामशहाच्या कारकीर्दींत तो १५८३ सालीं पुरा झाला. त्याच्या चहूंकडे तलाव, त्या तलावांत दूरवरून नळांनीं आणलेलें पाणी, आणि मध्यें उंच छताचा दिवाणखाना. एवढा खटाटोप वैशाखासाठीं! शाळेचीं मुलें घेऊन आम्ही कित्येक वेळां तेथें गेलों आहों. पौषासाठीं केलेली एकही योजना त्या भग्न वास्तूंत आम्हांस दिसली नाहीं.

पडल्याच्या तिसऱ्या दिवशीं मातोश्री सहज बोलून गेल्या, "पूर्वीं ही जमीन अशी नव्हती रे. माणसाच्या अंगासारखी ऊब असे तिला." आम्ही निरुत्तर झालों, कारण ती जमीन आम्हींच घालविली होती.

हें घर आमच्या आजोबांनीं नालेगावांत बांधलेलें. खालच्या भिंती दगडांच्या, वरच्या विटांच्या. माडीस सागवानी तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर चार-पांच बोटें माती चोपून शेणानें सारवलेली जमीन. मातोश्रींची खोली नेमकी स्वयंपाकघराच्या डोक्यावर. पहाटें चारला खालीं चूल पेटे, शेजारीं स्नानाच्या पाण्याचा बंब धडधडूं लागे. ती ऊब वर चढून फळ्यांतून मातींत शिरे आणि माती ती सावकाश परत देई. आमची आजी त्या जमिनीवर एक घोंगडी टाकून निजत असे. पुढें चूल जाऊन गॅस आला, बंब जाऊन गीझर आला. त्याचें आम्हांस दुःख नाहीं. त्या चुलीच्या धुरानें मातोश्रींचे डोळे वर्षानुवर्षें पाणावत राहिले, आणि तोच धूर फळ्यांच्या फटींतून वरच्या खोलींतही येई. जुनें तें सोनें म्हणणाऱ्यांनीं श्रावणांत ओल्या लांकडाची चूल एकदां फुंकून पाहावी. परंतु अकरा वर्षांपूर्वीं जें झालें तें केवळ आमच्या हौसेनें झालें. सारवण्यास बाई मिळेना. म्हणून आम्हीं माती होती तशीच ठेवून तिजवर सिमेंटचा थर व वर चकचकीत मोठ्या फरश्या बसविल्या. येणारेजाणारे वाहवा करीत. मातोश्री त्या वेळीं कांहींच बोलल्या नव्हत्या.

आम्ही आयुष्यभर संस्कृत शिकविलें. तरी लहान शाळेंत शास्त्राचे तासही अधूनमधून गळ्यांत पडत. त्या सवयीनें आम्हीं एक प्रयोग केला. रात्रीं मातोश्रींच्या खोलींत एक लांकडी पाट ठेवून दिला व पहाटें उष्णतामापक आधीं पाटास आणि मग फरशीस लावून पाहिला. दोन्हीकडे पारा सोळा अंशांवर. मग एक पाय पाटावर व एक फरशीवर ठेवून उभे राहिलों. पाटावरचा पाय सुखांत, फरशीवरचा दोन मिनिटांत ठणकूं लागला. तापमान एकच असतां पाय खोटें सांगतो काय? मुळींच नाहीं. पायास तापमान कळत नसून आपली उष्णता किती वेगानें जात आहे तेवढेंच कळतें. लांकूड आणि सारवलेली माती ह्यांच्या पोटांत हवा असते. तीं उष्णता हळूहळू घेतात. भाजून काचेसारखी घट्ट केलेली फरशी ती झपाट्यानें ओढून नेते. तरुणाचें रक्त ती तूट भरून काढतें. शहाऐंशीव्या वर्षीं रक्तास तें साधत नाहीं, पाय बधिर होतो, आणि बधिर पाय अडखळतो. मातोश्रींस पाडलें कोणीं, ह्याचें उत्तर आम्हांस आमच्याच दोन पायांत मिळालें. तें कोणास सांगण्यासारखें नव्हतें. त्या दिवशीं जेवण गोड लागलें नाहीं.

आमचे चिरंजीव जर्मनींत नोकरीस असतात. आजी पडल्याचें कळतांच त्यांचा फोन आला. सर्व हकीकत ऐकून म्हणाले, "बाबा, मग जमीनच गरम करूं या." तिकडे पुष्कळ घरांत जमिनीच्या पोटांत नळ्या पुरून त्यांतून कोमट पाणी खेळवितात, जमीन गरम लागत नाहीं, नुसती थंड लागत नाहीं. "इथें पहिल्या हिवाळ्यांत अनवाणी उतरलों, तेव्हां मला आजीची खोली आठवली. चूल होती तेव्हांची," असेंही ते म्हणाले. मुलाच्या तोंडून हें ऐकून आम्हांस बरेंही वाटलें आणि लाजही वाटली.

तथापि प्रथमदर्शनीं आम्हांस हें परदेशी थेरच वाटलें. मग चरक काढून बसलों. सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायांत अग्नीच्या साहाय्यानें द्यावयाचे तेरा स्वेद सांगितले आहेत. त्यांत अश्मघन म्हणून एक आहे: माणसाच्या लांबीची शिळा विस्तवानें तापवावी, निखारे काढून टाकावे, ऊन पाणी शिंपडावें, वर वस्त्र अंथरून रोग्यास निजवावें. शिळेऐवजीं भुईच तापविली कीं तो भूस्वेद. आणि कर्षूस्वेदांत तर शय्येखालींच खड्डा करून त्यांत धूर नसलेले निखारे भरावयाचे. हें वाचतांना आमच्या डोळ्यांपुढें बाळंतिणीची बाज आली. बाजेखालीं शेगडी ठेवून खालून शेक देणें आमच्या घराघरांतून चालत आलें आहे. त्यास कोणी परदेशी म्हणाल्याचें ऐकिवांत नाहीं. फरक इतकाच कीं, चरकास घाम काढावयाचा होता, आम्हांस पायांतील भान परत आणावयाचें होतें.

पुढें ह्या विषयाचा नादच लागला. रोमन लोकांच्या स्नानगृहांविषयीं विट्रुव्हियस नांवाच्या वास्तुविशारदानें इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांत लिहून ठेविलें आहे. जमीन दोन फूट उंचीच्या विटांच्या खांबांवर उचलून धरावयाची व खालच्या पोकळींत भट्टीची आंच खेळवावयाची. त्या पोकळीच्या तळास भट्टीकडे इतका उतार द्यावा कीं, आंत टाकलेला चेंडू आपोआप गडगडत परत यावा! मुलांस भूमिती शिकविणाऱ्यांनीं हा चेंडू ध्यानांत ठेवावा. काश्मीरांत कित्येक मशिदींना हमाम जोडलेला असतो. त्याची दगडी जमीन खालीं लांकडें जाळून तापवितात व हिवाळ्यांत माणसें तेथें बसून असतात. परंतु आमच्या घराशीं खरें नातें निघालें तें कोरिया देशाचें. तेथील जुन्या घरांत स्वयंपाकघराच्या चुलीचा धूर शेजारच्या खोलीच्या जमिनीखालून दगडी वाटांनीं फिरवून पलीकडच्या धुराड्यानें बाहेर काढीत. ह्या योजनेस ओंडोल म्हणतात. दगडांवर माती, मातीवर तेल पाजलेला कागद. चुलीजवळचा कोपरा सर्वांत उबदार, आणि तो घरांतल्या वडील माणसांचा असा तेथील रिवाज. म्हणजे आजी निजत असे ती जागा! मात्र त्या लोकांनींही किंमत मोजली आहे. विसाव्या शतकांत तेथें लांकडाऐवजीं कोळशाच्या वड्या जाळूं लागल्यावर जमिनीच्या भेगांतून विषारी वायु वर येऊन माणसें झोपेंतच दगावत. पुढें त्यांनींही जमिनींत गरम पाण्याच्या नळ्या घातल्या.

हीं सर्व उदाहरणें बहुतेक जमिनीलगतच्या घरांचीं. आमचा प्रश्न माडीचा होता, आणि माडीचा प्रश्न ऊब हा नसून ओझें हा असतो. पाण्याच्या नळ्या घालावयाच्या तर त्यांवर सहा सेंटिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर पाहिजे. खोली दहा चौरस मीटरांची. त्रैराशिक मांडून पाहिलें: बारा क्विंटलांहून अधिक वजन, म्हणजे ज्वारीचीं मोठीं बारा पोतीं स्वयंपाकघराच्या डोक्यावर! मग मनांत आलें कीं, अकरा वर्षांपूर्वीं आपण जें सिमेंट घातलें त्याचें वजन कोणी केलें होतें? तें गणित केलें तेव्हां दहा क्विंटलांच्या आसपास उत्तर आलें. मुलांस आयुष्यभर गणितें घालणाऱ्या माणसानें स्वतःच्या घराचें हें एक गणित सोडविलें नव्हतें.

सुताराला बोलाविलें. म्हातारा, कसबी माणूस. त्यानें शिडीवर चढून एकेक तुळई टोंचणीनें टोंचून पाहिली. तिसऱ्या तुळईच्या भिंतींतल्या टोंकाशीं टोंचणी लोण्यांत शिरावी तशी आंत गेली. वाळवी. खालीं नेमकी सूनबाईंची पोळ्या लाटण्याची जागा. म्हातारा शिडीवरून उतरून हात पुसत म्हणाला, "गुरुजी, आजीबाई पडल्या म्हणून बरं झालं म्हणा." आम्हीं त्यास बसावयास पाट दिला व चहा सांगितला; दुसरें कांहीं सुचलें नाहीं.

फाल्गुनांत काम काढलें. मातोश्रींस तीन आठवड्यांपुरतें खालीं आणलें, तेंही देवांसह. फरशी, सिमेंट व खालची माती अशी सर्व काढून खालीं उतरविली. तुळईचें कुजलेलें टोंक कापून तेथें लोखंडी पट्ट्यांनीं नवें लांकूड जोडलें व भिंतींत खालीं घडीव दगड बसविला. मग सर्व खोलीस लांकडी फळ्यांचीच जमीन केली. एवढ्यानें भागलें असतें, असें वाचक म्हणतील. आमचेंही मत तसेंच होतें. पण देवघरासमोर अभिषेकाचें पाणी सांडतें, तूप सांडतें; तेथें लांकूड टिकत नाहीं, फरशीच पाहिजे. आणि मातोश्रींचें सकाळचें उभें राहणें, वावरणें सारें तेवढ्याच जागेंत. म्हणून खाटेपासून देवघरापर्यंत नऊ फूट लांब व तीन फूट रुंद अशी एकच पट्टी फरशीची ठेविली, आणि ऊब द्यावयाची ती तिलाच.

पाण्याचा बेत तर वजनामुळें सुटलाच होता. चिरंजीवांनीं विजेच्या तारेची तयार चटई सुचविली. जाळीवर बारीक तार नागमोडी गुंफलेली. जाडी दोन काडेपेटीच्या काड्यांएवढी. फळ्यांवर सिमेंटचा पातळ तक्ता, त्यावर उष्णता अडविणारा तक्ता, त्यावर ही चटई, आणि वर फरशी. मधला तक्ता विसरूं नये. पूर्वीं खालची ऊब वर येत असे; तो नसता तर आतां वरची ऊब खालीं जाऊन आम्ही स्वयंपाकघराचें छतच तापवीत बसलों असतों.

वीजवाल्यानें पहिल्याच दिवशीं घराची तपासणी करून सांगितलें, "गुरुजी, तुमच्या घराला अर्थच नाही." संस्कृताच्या शिक्षकास हें ऐकावें लागावें! त्याचा रोख अर्थिंगवर होता. मग अंगणांत खड्डा घेऊन कोळसा व मीठ भरून भूमीशीं जोडणी केली, आणि तीस मिलिअँपियर वीज गळली तरी क्षणार्धांत प्रवाह तोडणारी कळ बसविली. जेथें पाणी सांडतें व माणूस अनवाणी उभें राहतें, तेथें ह्या दोन गोष्टींवांचून कोणीं ह्या फंदांत पडूं नये.

तारेची शक्ति तीनशें पंचाहत्तर वॅट. दोनशें तीसचा वर्ग करून तीनशें पंचाहत्तरनें भागिलें असतां एकशें एकेचाळीस येतात; तेवढे ओहम मीटरावर दिसले पाहिजेत. हें मोजमाप तीनदां करावयाचें असतें: चटई अंथरण्यापूर्वीं, अंथरल्यावर आणि फरशी बसल्यावर. गवंडी कंटाळला. "किती वेळां तेंच मोजतां?" असें तो म्हणाला. दुसऱ्या खेपेस मीटर गप्प! त्याच्याच थापीच्या धारेनें तार एके ठिकाणीं तुटली होती. फरशी बसण्यापूर्वीं सांपडली म्हणून जोडतां आली. नंतर सांपडती तर सारें उखडावें लागतें. त्यानंतर गवंडी स्वतःच मीटर आणून देऊं लागला.

जर्मनींत राहण्याच्या खोलीच्या जमिनीस एकोणतीस अंशांहून अधिक तापूं देत नाहींत, असें चिरंजीवांनीं सांगितलें. मातोश्रींच्या पायांस चटका कळत नाहीं हें ध्यानांत घेऊन आम्हीं मर्यादा सत्तावीसवर ठेविली. फरशीखालीं एक मापक पुरलेला आहे. तो मर्यादा गांठतांच वीज तोडतो. पहाटें चारला आपोआप सुरू होऊन सातला बंद होते. सतत चालली असें धरलें तरी तीन तासांस सव्वा युनिटाच्या आंतच वीज लागते. पैसा ऊबेस थोडा लागला, तुळईस पुष्कळ.

मातोश्रींनीं मात्र अडचण उपस्थित केली. विजेवर सोवळें चालतें काय? आम्ही धर्मसिंधु उघडून बसलों. त्यांत असल्या गोष्टीचा निर्णय सांपडणें शक्यच नव्हतें, पण विचारणाऱ्यास आपण शोध केला एवढें तरी दिसावें, हा आमचा हेतु. मातोश्री कांहीं वेळ आमच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मिटव तें पुस्तक. खालीं चूल होती, तेव्हां कोणी विचारलें होतें का?"

यंदाच्या मार्गशीर्षांत पहिल्या थंडीच्या पहाटें आम्ही चारलाच उठून जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन बसलों. दिवा लावला नाहीं. साडेपांचाच्या सुमारास मातोश्री खाटेवरून उतरल्या. उजवा पाय खालीं टेकला, डावा टेकला, आणि त्या तशाच उभ्या राहिल्या. बराच वेळ. आम्हांस वाटलें, चक्कर आली कीं काय, उठूं लागलों. तों त्या पुटपुटल्या, "आहे. जमीन आहे." मग एकदांही भिंतीस हात न लावतां देवघरापर्यंत गेल्या. त्या जिन्यावरील आमच्या बसण्याविषयीं आजवर आम्हीं त्यांस कांहीं सांगितलेलें नाहीं.

आतां एकच भांडण उरलें आहे. ह्या जमिनीवर गादी, चटई, कपडा कांहीं अंथरूं नये, उष्णता कोंडून तार बिघडते, अशी चटई करणाऱ्यांची सक्त ताकीद आहे. मातोश्रींस ती तीनदां समजावून सांगितली. त्यांनीं तीनदां मान डोलाविली. पण हिवाळ्यांत सोवळ्याची धाबळी पहाटें थंडगार लागते, ही त्यांची फार जुनी तक्रार. रोज सव्वापांचाला त्या खाटेवर बसल्या बसल्या धाबळी हळूच पट्टीच्या कोपऱ्यावर पसरतात, आणि आम्ही वर जाऊन ती उचलून खुंटीवर टांगतों. आज उचलली तेव्हां ती चांगलीच ऊन झाली होती. मातोश्री म्हणाल्या, "टांगूं नकोस. दे इकडे."